दोष लोकसंख्येचा की आपल्या लाइट बिलाचा?

प्रश्न ठाण्यातल्या एका गृहस्थांचा आहे. थोडक्यात असा: सोसायटीच्या ग्रुपवर उन्हाळ्यापासून वाद चालू आहे. एसी २६ वर ठेवा, जवळच्या कामाला गाडी काढू नका, असं कोणी लिहिलं की लगेच उत्तर येतं, 'खरा प्रश्न लोकसंख्येचा. ती आवरत नाही तोवर आपण काहीही केलं तरी उपयोग शून्य.' विचारणाऱ्यांनाही हे बरंचसं पटतं. घरात तिघं, मुलगी चार वर्षांची. कापडी पिशवी वापरतात, प्लास्टिक टाळतात. लाइट बिल महिन्याला सरासरी ३०० युनिट, पेट्रोलची गाडी वर्षाला आठेक हजार किलोमीटर चालते, पुढच्या वर्षी युरोपला जायचा बेत आहे. दुसरं मूल होऊ द्यायचं का यावर नवराबायकोत बोलणं चालू आहे. लोकसंख्या हेच मूळ असेल, तर एकावर थांबलो की आमचा वाटा आम्ही उचलला असं समजायचं का, हा त्यांचा शेवटचा प्रश्न.

मी ऊर्जा लेखापरीक्षणाचं काम करते. एनर्जी ऑडिट म्हटलं की लोकांना लवकर कळतं. पुणे-ठाणे पट्ट्यातल्या हाउसिंग सोसायट्या, छोटे कारखाने, काही रुग्णालयं. मीटर वाचणं, पंप तपासणं, बिलं चाळणं आणि मग सभासदांसमोर बसून बोलणं. त्या सभांमध्ये लोकसंख्येचं हे वाक्य जवळपास प्रत्येक वेळी येतं, आणि बोलणारी माणसं बहुतेक वेळा मनापासून बोलत असतात. म्हणून याचं उत्तर नीट द्यावंसं वाटलं.

तुमच्या पत्रात तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. तापमानवाढीला लोकसंख्या किती जबाबदार, हा पहिला. मी केलेल्या गोष्टींनी काही फरक पडतो का, हा दुसरा. आणि दुसऱ्या मुलाचा तिसरा. ग्रुपवरचे लोक पहिल्याचं उत्तर देऊन दुसरा बंद करून टाकतात. तुमची खरी अडचण मात्र दुसऱ्याचीच आहे, असं मला वाटतं.

आधी हिशेब बघू. एखाद्या देशाचा कार्बन, म्हणजे तिथून हवेत जाणारा कार्बन डायऑक्साइड, कशाकशाने वाढतो हे पाहण्याची एक सोपी रीत आहे, काया नावाच्या जपानी अर्थतज्ज्ञांच्या नावाने ती ओळखली जाते. माणसं किती, दरडोई उत्पन्न किती, तेवढ्या उत्पन्नासाठी ऊर्जा किती लागते आणि त्या ऊर्जेत कार्बन किती, या चौघांचा गुणाकार. लोकसंख्या त्यातली एक आहे, ती वगळता येत नाही. पण ती चारातली एक आहे.

आता भारताचे आकडे घाला. १९९० साली आपण साधारण ८७ कोटी होतो, २०२२ मध्ये १४२ कोटींच्या आसपास. म्हणजे १.६ पट. त्याच काळात कोळसा, तेल, वायू आणि सिमेंटमधून होणारं आपलं कार्बन डायऑक्साइडचं उत्सर्जन जवळपास पाचपट झालं. दरडोई दोन-तृतीयांश टनावरून दोन टनांवर गेलं. पाचपट वाढीपैकी १.६ पट माणसांच्या संख्येची आणि तिप्पट प्रत्येकाच्या वापराची, असा सरळ गुणाकार जुळतो. चीनचं उदाहरण याहून बोलकं आहे. तिथे १९८० ते २०१५ पर्यंत एक मूल धोरण होतं, तेही सक्तीचं. १९९० पासून २०२२ पर्यंत तिथली माणसं पावपट वाढली आणि उत्सर्जन चौपटीहून जास्त. जगाने आजवर पाहिलेलं सगळ्यात कडक लोकसंख्या नियंत्रण आणि सगळ्यात मोठी उत्सर्जनवाढ एकाच देशात, एकाच काळात झाली. कारण उघड आहे: वीज कोळशावर होती, कारखाने आणि शहरं वेगाने उभी राहिली, पोलाद आणि सिमेंट लागलं.

यावरून लोकसंख्येचा संबंधच नाही असं कोणी म्हणत असेल तर तेही चूक. १९९० इतकीच माणसं आज असती तर आपलं उत्सर्जन आहे त्याहून तिसऱ्या हिश्शापेक्षा थोडं जास्तच कमी असतं. पाणी, शेतजमीन, शहरातली घरं यांच्यावरचा ताण तर संख्येशी अधिक थेट जोडलेला आहे. म्हणून सभेत कोणी लोकसंख्येचं नाव काढलं की मी ते उडवून लावत नाही. मी विचारते, की बरं, ती आवरायची म्हणजे आता नेमकं काय करायचं?

इथे बहुतेकांची माहिती आपल्या शाळेतल्या निबंधावर थांबलेली असते. 'लोकसंख्यावाढ: एक समस्या' हा निबंध आपण सगळ्यांनी लिहिलाय. त्यातला देश आज राहिलेला नाही. १९९२-९३ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातल्या बाईमागे सरासरी ३.४ मुलं होती. २०१९-२१ च्या पाचव्या पाहणीत ती २.० वर आली. लोकसंख्या स्थिर राहायला २.१ लागतात, म्हणजे आपण त्याच्या खाली आलो आहोत. महाराष्ट्र १.७, गोवा १.३. बिहार अजून ३.० वर आहे, उत्तर प्रदेश २.४ वर, आणि दोन्हीकडे आकडा उतरतोच आहे. तरी एकूण संख्या अजून काही दशकं वाढत राहील, कारण ज्यांना मुलं व्हायची आहेत ती तरुण पिढी मोठी आहे आणि ती जन्माला येऊन चुकली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अंदाजानुसार भारत २०६० च्या दशकात १७० कोटींच्या आसपास पोचून मग उतरायला लागेल. ही वाढ रोखण्याचा कोणताही सभ्य उपाय आज कोणाच्या हातात नाही. जिथे बाईमागे मुलांचा हा दर अजून जास्त आहे तिथे मुलींचं शिक्षण, उशिरा लग्न, हाताशी असलेली गर्भनिरोधकं आणि बाळंतपणाची चांगली सोय यांनीच तो उतरतो. पाचव्या कुटुंब आरोग्य पाहणीत शाळेत न गेलेल्या बायकांना सरासरी २.८ मुलं आहेत आणि बारावी किंवा पुढे शिकलेल्यांना १.८. ही कामं त्या बायकांसाठी करायची असतात. त्यातून कार्बन वाचला तर उत्तमच.

महाराष्ट्राने तर या विषयात दोन्ही टोकं पाहिलीत. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, नोकरी आणि प्रतिष्ठा पणाला लावून, कारण त्यांना बाईच्या शरीराची आणि सुखाची काळजी होती. आणि १९७६ मध्ये, आणीबाणीत, याच राज्याच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही. पण त्या एका वर्षात देशभर लाखो गरीब पुरुषांवर जी जबरदस्ती झाली तिचा परिणाम असा, की पुरुष नसबंदी त्यानंतर जवळपास संपली आणि कुटुंब नियोजनाचं सगळं ओझं बायकांच्या टाक्याच्या शस्त्रक्रियेवर आलं. 'कडक कायदा करा' असं सभेत सहज म्हणणाऱ्यांना मी हे आठवण करून देते. ग्रामपंचायतीची निवडणूक लढवायला दोन मुलांची अट आपल्याकडे २००१ पासून आहेच.

आणखी एक गोष्ट उघडच बोलते. लोकसंख्या हा शब्द उच्चारला जातो तेव्हा मनात बहुधा 'त्यांची' लोकसंख्या असते. कधी उत्तरेतून आलेल्यांची, कधी झोपडपट्टीची, कधी मुसलमानांची. मुस्लिम समाजातला दर १९९२-९३ मध्ये ४.४ होता, तो २०१९-२१ मध्ये २.४ च्या खाली आला. कोणत्याही मोठ्या समाजातली ही सगळ्यात वेगवान घसरण आहे. आणि बिहारी माणसाचं म्हणाल तर बिहारमधला दरडोई विजेचा वापर महाराष्ट्राच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाएवढा आहे. ज्या राज्यात मुलं जास्त त्या राज्यात कार्बन कमी आणि जिथे मुलं कमी तिथे कार्बन जास्त, हे चित्र देशातही आहे आणि जगातही.

मग लोकांना लोकसंख्याच का दिसते? मला वाटतं, कारण गर्दी डोळ्यांना दिसते. सकाळी साडेआठला ठाण्याच्या फलाटावर उभं राहिलेल्याला माणसं जास्त झालीत हे कोणी सांगावं लागत नाही. चंद्रपूरच्या वीजकेंद्रात जळणारा कोळसा मात्र त्याला दिसत नाही, त्याच्या खोलीत फक्त गार हवा येते. खरं तर त्या फलाटावरचा माणूस देशातल्या सगळ्यात कमी कार्बनच्या प्रवासाला निघालेला असतो. त्याच वेळी घोडबंदर रोडवर एकट्याने गाडीत बसून निघालेला गर्दीत मोजलाच जात नाही.

खेड्यात हीच चर्चा वेगळी होते. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला 'हवामान बदल' म्हटलं तर तो गप्प बसतो. मृगाचा पाऊस कधी येतो, फेब्रुवारी-मार्चमध्ये गारा पडायला कधीपासून लागल्या, २०१४ च्या गारपिटीत काय काय गेलं, हे विचारा, तो तासभर बोलेल. येल विद्यापीठाचा एक गट भारतात जी मतं गोळा करतो त्यातही हेच निघालं. २०२२ च्या पाहणीत जागतिक तापमानवाढीबद्दल आपण कधी ऐकलं नाही किंवा अगदी थोडंच माहीत आहे असं म्हणणारे ४१ टक्के होते. पण दोन वाक्यांत अर्थ समजावून सांगितल्यावर ८४ टक्के म्हणाले, हो, हे घडतंय. म्हणजे जाणीव भरपूर आहे, नाव माहीत नाही. शहरात उलटं. नाव सगळ्यांना माहीत, आणि कारण मात्र दुसऱ्याच्या घरात.

कोथरूडमधल्या एका सोसायटीतली बैठक सांगते. क्लब हाउसमध्ये कॅरमच्या टेबलावर मी सगळ्यांना आपापली लाइट बिलं पसरायला सांगितली होती. बिलावर मागच्या महिन्यांच्या वापराचे उभे पट्टे छापलेले असतात. एप्रिल-मेचे पट्टे बाकीच्यांच्या डोक्यावरून वर गेलेले, तेवढं सगळ्यांचं सारखं. वरच्या मजल्यावरचं एक घर होतं, तीन माणसं, तीन एसी, दोन गीझर, वर्षाची सरासरी महिन्याला ६०० युनिट. खालच्या खोलीत राहणाऱ्या वॉचमनचं बिलही मी मागून घेतलं. पाच माणसं, दोन पंखे, एक टीव्ही, जुना छोटा फ्रिज, ६० युनिटच्या आसपास. आपल्या ग्रिडमध्ये एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे वरच्या घराचे विजेचे वर्षाला पाच टन आणि खालच्या घराचा अर्धा टन. माणशी काढलं तर वर दीड टनाहून जास्त, खाली शंभर किलो. वॉचमनला तीन मुलं आहेत, यावर तिथे आधी बोलणं झालं होतं. बिलं शेजारी शेजारी ठेवल्यावर त्यावर पुन्हा कोणी बोललं नाही, आणि वरच्या घरातल्या काकांनीच विचारलं, की आमच्याकडे एवढं कशाने जातं ते शोधून द्या. मला त्यांचं फार बरं वाटलं. शोधलं तेव्हा दिवसभर चालू राहणारा एक गीझर आणि पश्चिमेची मोठी काचेची खिडकी, ही मुख्य कारणं निघाली.

या कामात नेहमी दिसणारी आणि सहसा न बोलली जाणारी गोष्ट म्हणजे घराचं आकारमान. माणसं कमी झाली म्हणून घराचा वापर त्या प्रमाणात कमी होत नाही. पाच जणांच्या घरात एक फ्रिज असतो, दोघांच्या घरातही एकच असतो, आणि बहुतेकदा मोठा. वॉशिंग मशीन, दिवाणखान्यातला एसी, गाडी, सगळ्याचं तेच. देशात कुटुंबं लहान होत चालली आहेत, पाचव्या पाहणीत सरासरी ४.४ माणसांवर आली. त्यामुळे लोकसंख्या जेवढ्या वेगाने वाढते त्यापेक्षा घरांची संख्या जास्त वेगाने वाढते, आणि वीज, सिमेंट, गाड्या या घरांमागे लागतात. एकच मूल असलेली पण तीन एसी आणि दोन गाड्या असलेली घरं मी रोज बघते. मूल एकच ठेवलं म्हणून कार्बनच्या खात्यात काही जमा झालंय आणि ते आता खर्च करता येईल, अशी समजूत त्या घरांत असते. तसं खातं कुठे नसतं.

इथपर्यंतचं एका ओळीत: लोकसंख्येचा वाटा खरा आहे, पण तो आता वाढीच्या शेवटच्या टप्प्यात आहे आणि त्याला वळवण्याची साधनं शाळा आणि दवाखान्यात आहेत. वापराचा वाटा अजून सुरुवातीला आहे आणि त्याचं मीटर आपल्या जिन्याखाली आहे.

आता तुमचं घर. ३०० युनिट म्हणजे वर्षाला ३,६००, त्याचे अडीच टन. आठ हजार किलोमीटरला लिटरमागे १४ धरलं तर पावणेसहाशे लिटर पेट्रोल, लिटरमागे २.३ किलो, म्हणजे १.३ टन. स्वयंपाकाचा गॅस वर्षाला सात सिलिंडर धरला तर ०.३ टन. आणि युरोपची वारी, तिघांची, जाऊन-येऊन, इकॉनॉमी वर्गात, माणशी साधारण एक टन धरा, म्हणजे तीन. वर्षभराच्या विजेपेक्षा ती एक सहल मोठी निघाली. सगळे मिळून सात टन झाले, माणशी सव्वादोनच्या वर. यात अन्न, कपडे, फोन, तुमची इमारत उभी करायला लागलेलं सिमेंट, रस्ते, काहीच धरलेलं नाही. ते सगळं धरून भारतीय माणसाची सरासरी दोन टन आहे.

कापडी पिशवी या यादीत कुठे बसते? दिवसाला दोन पातळ पिशव्या टाळल्या तर कार्बनच्या हिशेबात वर्षाला दहा-वीस किलो. पिशवी सोडू नका. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा तुंबलेल्या गटारांत काय अडकलं होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. पण तो नाल्यांचा आणि समुद्राचा प्रश्न आहे. तापमानवाढीच्या खात्यात ती पिशवी मांडून समाधान मानू नका. लोक सगळ्यात जास्त मेहनत सगळ्यात छोट्या गोष्टींवर घेतात, थकतात, आणि मग 'आपण करून काय उपयोग' या वाक्यावर येतात. ते थकणं मला खूप घरांत दिसतं आणि त्याचं वाईट वाटतं, कारण ती माणसं मनाने चांगली असतात.

तुमच्या घरात करण्यासारख्या गोष्टी मोजक्या आहेत. जुना एसी असेल तर बदलताना पाच स्टार रेटिंगचा इन्व्हर्टर एसी घ्या, २५-२६ वर पंख्यासोबत चालवा. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या अंदाजानुसार एक अंश वर नेला की सुमारे सहा टक्के वीज वाचते. छताचे जुने पंखे ७५ वॉटचे असतात, नवे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे, तीस-पस्तीसचे. आपल्याकडे पंखा वर्षातले नऊ-दहा महिने चालतो, म्हणून याची बचत एसीइतकीच महत्त्वाची ठरते, फक्त तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. पश्चिमेच्या काचेला बाहेरून सावली करा, आतल्या पडद्याने उष्णता आत येऊन चुकलेली असते. गाडी पुढची घ्याल तेव्हा विजेची घ्या, किंवा ऑफिसला लोकलने जाता येत असेल तर गाडी उभी राहू द्या. आणि युरोपचं म्हणाल, तर जाऊ नका असं मी सांगणार नाही. वर्षाआड जायचं ते चार वर्षांतून एकदा, जास्त दिवस, असं करता आलं तर ते वरच्या बहुतेक गोष्टींपेक्षा मोठं आहे.

यात परिस्थितीनुसार बदलणारं बरंच आहे. घर भाड्याचं असेल तर खिडकीबाहेर छज्जा करणं तुमच्या हातात नाही. घरात आजारी किंवा वृद्ध माणूस असेल तर एसीवर अजिबात काटकसर नको. उष्माघात घरातही होतो. आणि ज्यांच्या घरात अजून एक पंखा धड नाही त्यांचा वापर वाढायलाच हवा. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०१८ मध्ये अंदाज दिला होता की २०५० पर्यंत भारतात शंभर कोटींहून जास्त एसी असतील. त्यातले बरेच अशा लोकांचे असतील ज्यांना ते खरोखर हवेत. त्यांच्यासाठी जागा आपल्या उधळपट्टीतून निघाली पाहिजे.

दुसऱ्या मुलाबद्दल. २०१७ मध्ये एक संशोधन बरंच गाजलं, त्यात विकसित देशांत एक मूल कमी असण्याने वर्षाला ५८.६ टन वाचतात असं मांडलं होतं. ग्रुपवर कोणीतरी तो आकडा टाकलाच असेल. तो आला कसा ते बघा. मुलाच्या आयुष्यभराच्या उत्सर्जनाचा अर्धा भाग, नातवंडांचा पाव, पणतवंडांचा त्याच्या निम्मा, असं कित्येक पिढ्यांचं धरून ते सगळं आजच्या आईबापाच्या आयुष्याच्या वर्षांत वाटलेलं आहे. आणि पुढच्या शे-दोनशे वर्षांत माणशी उत्सर्जन आजच्या एवढंच राहील असं गृहीत धरलं आहे. मुलाचा कार्बन माझ्या नावावर, तर माझा माझ्या आईवडिलांच्या नावावर जायला हवा, मग मी कशाचीच जबाबदार उरत नाही. ही मांडणी मला पटत नाही. तुमची मुलगी किंवा तिचं भावंड किती कार्बन सोडेल हे ते मोठे होतील तेव्हा वीज कशावर तयार होते यावर ठरेल, आणि ते आज आपण काय उभारतो यावर. तुमच्या बायकोची तब्येत, तिची इच्छा, तिची नोकरी, घरात हाताखाली कोण आहे, पैसा, या गोष्टींवर हा निर्णय घ्या. कार्बनचं कारण पुढे करून कोणी तिला नाही म्हणायला लावू नये, तसंच वंशाचं कारण पुढे करून हो म्हणायलाही.

'अमेरिकेत माणशी चौदा-पंधरा टन, आपण दोन, मग आपणच का' हेही तुमच्या ग्रुपवर येत असेल. ते खरंच आहे. औद्योगिक क्रांतीपासून आजवरच्या एकूण उत्सर्जनात अमेरिकेचा वाटा पाव आहे, आपला तीन-साडेतीन टक्के. आपल्या सरकारने हे प्रत्येक परिषदेत ठणकावून सांगितलं पाहिजे. पण देशाची दोन टनांची सरासरी त्या वॉचमनच्या शंभर किलोंमुळे खाली राहिली आहे. ६०० युनिटवाल्याने तिच्या आड उभं राहू नये.

राहिला तुमचा खरा प्रश्न, एकट्याने काय होणार. २०२० मध्ये जगाने नाइलाजाने एक प्रयोग केला. विमानं उभी, रस्ते रिकामे, ऑफिसं बंद. त्या वर्षी जगाचं उत्सर्जन पाच-सहा टक्क्यांनी घटलं, आणि पुढच्याच वर्षी परत आलं. म्हणजे फक्त माणसांनी हालचाल आवरून हे सुटणार नाही, कारण वीज, पोलाद, सिमेंट हे मागे चालूच राहतं. दुसरीकडे एलईडीचं बघा. २०१५ पासून उजाला योजनेत सरकारने एकगठ्ठा खरेदी केली, बल्बचा खरेदीभाव ३१० रुपयांवरून काही वर्षांत ३८ रुपयांवर आला, आणि घराघरातले साठ वॉटचे पिवळे दिवे गेले. कोणी त्याग केला नाही, कोणाला उपदेश करावा लागला नाही. २०२० पासून तारांकित एसी कारखान्यातूनच २४ अंशांवर लावून येतात, तेही असंच. या दोन टोकांच्या मधे, घर आणि सरकार यांच्यामधे, तुमची सोसायटी आहे. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त काम तिथे होतं आणि सगळ्यात कमी लक्ष तिथे जातं.

सोसायटीच्या कॉमन मीटरवर पाण्याचे पंप, लिफ्ट, जिन्यातले आणि पार्किंगमधले दिवे असतात. पंधरा-वीस वर्षांचा पंप दोन-तीनदा रिवाइंड झालेला असतो आणि प्रत्येक वेळी त्याची कार्यक्षमता थोडी उतरलेली असते. टाकी भरून वाहेपर्यंत तो चालतो. पार्किंगमधले दिवे रात्रभर पूर्ण उजेडात. हे दुरुस्त करायला कोणाच्या सवयी बदलाव्या लागत नाहीत. आणि वर गच्ची असते. एक किलोवॅट सौर पॅनलला साधारण शंभर चौरस फूट मोकळी, सावली नसलेली जागा लागते आणि आपल्याकडे त्यातून वर्षाला १,४०० युनिट मिळतात. दहा किलोवॅट बसवलं तर १४,००० युनिट, दहा टन. पाच भारतीयांचं सरासरी वर्षाचं उत्सर्जन एका गच्चीवर थांबतं, कोणाच्याही घरी पाळणा न थांबवता. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. तुमचा तीस मजली टॉवर असेल तर गच्ची लहान आणि पाण्याच्या टाक्यांच्या सावलीत असेल, तिथे पंपाकडे आधी बघा. पाच-सात मजली जुनी इमारत असेल तर सौरपासूनच सुरुवात करा, मात्र गच्चीचं वॉटरप्रूफिंग आधी उरकून घ्या, नाहीतर दोन वर्षांत पॅनल उचलावे लागतात.

ग्रुपवर वाद घालू नका, तिथे कोणाचं मत बदललेलं मी पाहिलेलं नाही. सेक्रेटरींना लेखी पत्र द्या. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत होते आणि तिची नोटीस १४ दिवस आधी निघते, म्हणून विषयपत्रिकेवर यायचं असेल तर ऑगस्टमध्येच द्या. पत्रासोबत कॉमन मीटरची मागच्या बारा महिन्यांची बिलं, पंपाचा हॉर्सपॉवर आणि वय, गच्चीचा मोकळ्या जागेसह नकाशा आणि तीन कोटेशनं जोडा. कोटेशनमध्ये इन्व्हर्टरची वॉरंटी आणि पॅनल धुण्याची जबाबदारी कोणाची हे लिहून घ्या.